राहत्या बोटीवरची डिझेल शेगडी

बोटीवर बारा महिने मुक्काम असणारे लोक केबिन उबदार ठेवायला आणि स्वयंपाकाला डिझेलवर चालणारी जी शेगडी किंवा हीटर बसवतात त्याला ढोबळमानाने डिझेल शेगडी म्हणतात. पण ही एकच वस्तू नाही, एकमेकांशी फारसं नातं नसलेली तीन-चार यंत्रं या एका नावाखाली मोडतात, आणि निवडताना होणारा बहुतेक घोळ तिथूनच सुरू होतो.

डिझेलच का, तर इंजिनासाठी ते बोटीवर असतंच, आणि एका लिटरमधून साधारण १० युनिट विजेएवढी उष्णता निघते. शिवाय गॅस हवेपेक्षा जड, गळला की जाऊन बोटीच्या तळाशी बसतो आणि एका ठिणगीची वाट बघतो, डिझेलचं तसं नाही, ५५ अंशांच्या आसपास तापल्याशिवाय त्याची पेटण्याजोगी वाफच होत नाही. तिसरं कारण ओलाव्याचं, ते बोटीवर राहिल्याशिवाय कळत नाही. उघड्या ज्योतीवर १ किलो गॅस जाळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन केबिनमध्येच फिरतं आणि सकाळी खिडक्यांवरून, गादीखालून ओघळतं. डिझेल जळतानाही पाणी होतंच, पण ते धुराड्यातून बाहेर जातं.

सगळ्यात जुनी पद्धत ठिबक शेगडीची. कॅनडाच्या डिकिन्सन आणि डेन्मार्कच्या रेफ्लेक्सच्या शेगड्या याच जातीच्या. आत एक भांडं असतं, त्याच्या तळाशी डिझेल थेंब थेंब येतं, तापलेल्या तळावर त्याची वाफ होते, भिंतीच्या भोकांतून हवा आत येते आणि वाफ जळते. किती थेंब सोडायचे ते एक छोटा कार्ब्युरेटर ठरवतो. वर लहान टाकी लावली की डिझेल आपल्या वजनानेच उतरतं, विजेचा संबंध नाही, आणि आवाज म्हणाल तर नाहीच. मात्र सगळी मदार धुराड्याच्या ओढीवर. धूर वर खेचायला सव्वा-दीड मीटर सरळ नळी तरी हवी, आणि छोट्या बोटीवर नेमकी तिलाच जागा नसते. शिडावरून वारा खाली आदळला, किंवा केबिन बंद ठेवून कुणी स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट पंखा लावला, की धूर उलटा घरात. बोट जास्त कलली तर डिझेल भांड्याच्या एका बाजूला साचतं ते वेगळंच.

पेटवायची रीत ठरलेली आहे, थंड भांड्यात चमचाभर डिझेल येऊ द्यायचं, वर थोडं स्पिरिट किंवा कागदाची सुरळी, पेटवून झाकण लावायचं आणि दहा-पंधरा मिनिटं गप बसायचं. चालू असताना विझली तर मात्र लगेच काडी लावायची नाही, गरम भांड्यात साचलेल्या डिझेलची वाफ एकदम भडकते. कॉक बंद करायचा, भांडं पूर्ण गार होऊ द्यायचं, साचलेलं टिपून काढायचं, मग पुन्हा. आणि दिवसेंदिवस अगदी बारीक ज्योतीवर ठेवली की काजळी धरतेच, त्यामुळे गरजेपेक्षा मोठी शेगडी घेणं ही नेहमीची चूक आहे, कारण ती कायम मंदच चालवावी लागते.

याच जातीत ओतीव लोखंडाचा पत्रा आणि खाली ओव्हन असलेली मोठी शेगडी मिळते. तापायला अर्धा-पाऊण तास. आच कमी-जास्त करायला कॉक फिरवून लगेच काही होत नाही, भांडंच सरकवायचं, बर्नरच्या डोक्यावर कडक आच आणि कडेला वैलासारखी मंद. थंडीत यासारखं सुख नाही, दिवसभर किटली गरम. उन्हाळ्यात एका चहासाठी अख्खी केबिन भाजून निघते, म्हणून जोडीला स्पिरिटचा छोटा बर्नर ठेवतातच.

दुसरी जात पंख्याच्या हीटरची, एबरस्पेशर आणि वेबास्टो ही त्यातली जर्मन नावं. बटण दाबलं की ग्लो प्लग, म्हणजे डिझेल पेटवणारी विजेची कांडी, तापतो, पंप डिझेल मोजून सोडतो, पंखा गरम हवा नळ्यांतून फिरवतो. २ किलोवॉटचं मशीन पूर्ण जोरात तासाला पाव लिटरच्या आसपास पितं. सुरू होताना काही मिनिटं ८-१० अँपिअर ओढतं, नंतर १ ते ३. आकडा लहान वाटतो पण रात्रभराचा हिशेब १५-२० अँपिअर-तासांवर जातो, आणि ढगाळ दिवसांत सोलर चार्जिंग नसताना, नांगर टाकून उभ्या बोटीवर सलग चौथी रात्र असेल तर बॅटरी तेवढं द्यायला तयार असते का ते आधी बघावं. वायर बारीक असली की सुरू होतानाच व्होल्टेज पडतं, मशीन एरर दाखवून बंद होतं आणि लोक बिचाऱ्या हीटरला शिव्या घालतात. बसवताना पंप रबरावर टांगलेला हवा, नाहीतर त्याची टिक-टिक लाकडातून थेट उशीपर्यंत पोचते.

फिनलंडच्या वालासची, वरचा भाग काचेचा असलेली शेगडी या दोन्हींच्या मधली, वर स्वयंपाक, आणि पंखा बसवलेलं झाकण खाली पाडलं की तीच हीटर. ज्योत बंदिस्त, साफ करायला सोपी, पण तापायला वेळ घेते आणि वीज हिलाही लागते. पाणी तापवून रेडिएटरमध्ये फिरवणारे हीटर मोठ्या बोटींसाठी, नळाला गरम पाणी हवं असेल तर विचार करण्यासारखे.

माझ्या मते किलोवॉट नंतर बघावेत. दिवसभर बोटीवरच असणाऱ्याला ठिबक शेगडी, शनिवार-रविवारपुरतं येऊन पटकन ऊब हवी असणाऱ्याला पंख्याचा हीटर, आणि वीज मुबलक असेल तरच दोन्ही कामं वालाससारख्या एका यंत्रावर.

कुठलंही घेतलं तरी हीटरची डिझेलची नळी टाकीच्या तळापर्यंत नेत नाहीत, तळाचं पाणी आणि काळा चिकट गाळ तिच्यात येऊ नये आणि इंजिनापुरतं डिझेल शिल्लक राहावं म्हणून. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म झोपताना डोकं असतं त्या उंचीला लावतात, हा वायू गॅससारखा तळाला बसत नाही.