तैलचित्रावरचे ब्रशचे फटकारे : चित्र करायला देण्याआधी

आमच्याकडे तैलरंगातलं व्यक्तिचित्र करून घ्यायला येणारे बहुतेकजण एकच सांगतात, "अगदी हुबेहूब पाहिजे बघा." पण चित्र न्यायला आल्यावर गालावर, फेट्यावर रंगाचे जाड फटकारे दिसले की काहींना काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. तसं नसतं.

चेहरा जुळतो तो रेखाटनामुळे आणि छायाप्रकाशामुळे. दोन डोळ्यांतलं अंतर, नाकाची सावली, जबड्याची ठेवण हे सगळं आम्ही आधी पातळ रंगात पक्कं करतो. मगच राठ केसांचा चपटा ब्रश रंगाने भरून कपाळावर, गालफडावर फटकारा ठेवतो, हाडाच्या वळणाने, आणि तिथे पुन्हा हात लावत नाही. घोटत बसलं की रंग मळतो, चेहरा मेणाचा दिसू लागतो. डच चित्रकार रेम्ब्रांटच्या (१६०६–१६६९) उत्तरायुष्यातल्या व्यक्तिचित्रांत उजेडाच्या जागी रंगाचे जाड थर आहेत आणि सावल्या पातळ. आम्हीही तेच धरून चालतो.

सोलापुरात कापडाची पारख घरोघरी, त्यामुळे आजीच्या इरकलीच्या काठाबद्दल हमखास विचारणा होते. काठाचा धागा न् धागा आम्ही रंगवत नाही. उजेड पडलेल्या घडीवर एकच भरलेला फटकारा नीट बसला, की लांबून तो काठच दिसतो. म्हणून चित्र सहा-आठ फुटांवरून बघा, मग जवळ या.

फोटोवरून चित्र हवं असेल तर दारा-खिडकीच्या उजेडात, एका बाजूने सावली पडलेला फोटो आणा. फ्लॅशच्या किंवा पासपोर्ट फोटोत चेहरा सपाट होतो. फटकारा कुठल्या वळणाने न्यायचा ते त्यात दिसतच नाही. शक्य असेल तर त्या व्यक्तीलाच समोर बसवा, आमचा आग्रह त्यालाच आहे. गुळगुळीत फिनिश हवं असेल तर ऑर्डर देतानाच सांगा.

तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात वरचा पापुद्रा लवकर धरतो, पण जाड फटकाऱ्याच्या आत रंग मऊच असतो. त्यामुळे चित्र लवकर वाळावं म्हणून उन्हात ठेवू नका, कपड्यात बांधून कपाटातही नको. अंधारात जवसाचं तेल पिवळं पडतं. समई-उदबत्तीचा धूर लागणार नाही अशी भिंत निवडा. धूळ कोरड्या मऊ ब्रशनेच झटका, ओलं फडकं लावू नका.

वार्निश सहा महिने ते वर्षभराने, रंग आतून वाळल्यावर करायचं असतं. त्यासाठी चित्र आमच्याकडे परत घेऊन या.