माळवद गेलं, पत्रा आला: छतावरच्या मजुराच्या सुरक्षेची पार्श्वभूमी

मे महिना लागला की मराठवाड्यात पत्रे मारणाऱ्यांना श्वास घ्यायला फुरसत नसते. मृग तोंडावर आलेला, त्यात अवकाळी वादळाने कुणाचा गोठा उघडा पडलेला, कुठे शाळेचे पत्रे उडालेले. या घाईत कुणी वरून पडला की बातमीत ‘तोल जाऊन’ एवढंच छापून येतं. तो तोल का जातो, हे कळायला आधी आपली छपरं कशी बदलली ते पाहावं लागतं.

जुनं घर माळवदाचं. दगड-मातीच्या रुंद भिंती, लाकडी तुळया, वर फळ्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी नवी माती टाकायला घरातलेच वर जात. मिरच्या तिथंच वाळायच्या आणि उन्हाळ्यात सगळं घर तिथंच झोपायचं. छतावर पाय ठेवताना विचार करावा लागतो, ही गोष्टच कुणाच्या गावी नव्हती.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंपात हीच माती आणि हेच दगड झोपलेल्या माणसांवर कोसळले. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद मिळून सुमारे 8 हजार जीव गेले. 52 गावं नव्या जागी वसवावी लागली. पत्रा त्याआधीही होता, पण जड छताची धास्ती बसली ती तेव्हा. हलका, स्वस्त आणि दोन दिवसांत उभा राहणारा पत्रा मग घराघरावर चढला. (वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायची पद्धत आजही आहे. वादळात पत्रा तर उडतोच, दगडही खाली येतो.)

शहराकडे, म्हणजे औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर), कारण वेगळं होतं. चिकलठाण्यापाठोपाठ वाळूजची औद्योगिक वसाहत वाढली. बजाजचा कारखाना 1985 मध्ये सुरू झाला आणि त्याच्या आसऱ्याने सुटे भाग बनवणाऱ्यांची शेडं उभी राहिली. त्यातल्या अनेक शेडांवर अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटचे पत्रे होते. नवा असताना हा पत्रा माणसाचं वजन पेलेल असं वाटतं. ऊन-पाऊस खाऊन तो ठिसूळ होतो, पण वरून तसं दिसत नाही. जाणता मिस्त्री पत्रा जखडणाऱ्या हुकांच्या रेषेवरूनच चालतो, कारण त्याखाली पर्लिन, म्हणजे पत्र्याला आधार देणारी आडवी पट्टी असते. हाताखालचा पोरगा मात्र ड्रिल आणि वायर सांभाळत जवळची वाट धरतो. उजेडासाठी मध्येमध्ये टाकलेला फायबरचा पत्रा तर त्याहून फसवा. काही वर्षांत धूळ बसून तो शेजारच्यासारखाच करडा दिसतो, आणि पाय पडला की माणूस थेट खालच्या मशीनवर.

उपाय कुणाला ठाऊक नाही असं नाही. पर्लिनींवर टेकेल अशी लांब फळी आडवी टाकायची, तिच्यावरूनच हलायचं आणि खाली जाळी बांधायची. पण फळी सरकवण्यात वेळ जातो आणि काम तर स्क्वेअर फुटावर दिलेलं. इथंच घोडं पेंड खातं.

कायदा नव्हता असंही नाही. कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 32 मध्ये उंचीवर काम करणाऱ्या कोणत्याही व्यक्तीसाठी कठडा किंवा तशी सोय करायला सांगितलं होतं. म्हणजे पत्रे बदलायला बाहेरून आलेला मजूरही त्यात आला. कारखान्याबाहेरच्या बांधकाम मजुरासाठी स्वतंत्र कायदा यायला 1996 उजाडलं. तोही 10 किंवा अधिक मजूर असलेल्या आस्थापनांपुरता, आणि 10 लाखांपर्यंतच्या स्वतःच्या घराचं काम त्यातून वगळलेलं. राज्याचे नियम 2007 चे, कल्याणकारी मंडळ 2011 चं. पत्रे मारणारी टोळी चार-पाच जणांची असते; ती या चाळणीतून अलगद गळून पडते. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या नव्या कामगार सुरक्षा संहितेत 10 मजुरांची अट आहेच, घराची मर्यादा मात्र 50 लाखांवर गेली आहे. गावाकडचं बहुतेक घरकाम त्यामुळे कायद्याबाहेरच राहणार.

मंडळाच्या सुरक्षा संचात नोंदणीकृत मजुराला हेल्मेट, बूट आणि हार्नेस (अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा) मिळतो. सोबत मच्छरदाणी आणि जेवणाचा डबाही. डबा रोज वापरात येतो, हार्नेस नाही. यावर मजुराला नावं ठेवणं सोपं आहे. पण पट्टा अडकवायचा कशाला? शेड उभारताना वर हूक किंवा लाइफलाइनची (पट्टा अडकवायच्या दोरीची) सोय कुणी धरलेलीच नसते, आणि गंजक्या पर्लिनीवर कुणी भरवसा ठेवावा? शिवाय 6 फुटी दोरी ताणून, धक्का शोषणारी पट्टी उलगडून माणूस थांबेपर्यंत 18 फुटांच्या आसपास मोकळी जागा लागते. आपली घरगुती शेडं 12-15 फुटांची. तिथं तो पट्टा घालूनही माणूस जमिनीवर आपटू शकतो; कामाला येते ती फळी आणि जाळीच.

प्रबोधनाचं म्हणाल तर 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन असतो; 1966 मध्ये त्याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. त्या दिवशी कारखान्याच्या गेटवर शपथ होते, पोस्टर लागतात. पत्रे बदलणारी टोळी येते ती रविवारी, मशिनी बंद असताना, तेव्हा सेफ्टी ऑफिसरही बहुधा सुट्टीवर असतो. आता तर फेब्रुवारी 2024 मध्ये सूर्यघर योजना सुरू झाल्यापासून सोलर बसवणारी पोरंही छपरांवर चढू लागली आहेत. वायरिंगमध्ये ती तरबेज असतात, पण हुकांच्या रेषेवरून चालायचं हे त्यांना सांगायला सोबत मिस्त्री नसतो.