जमिनीवरील काँक्रीट स्लॅब (जड भारासाठी)

गोदामे, कारखाने, कंटेनर यार्ड अशा ठिकाणी थेट जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा स्लॅब. मजल्याचा स्लॅब तुळयांवर टेकलेला असतो, याला मात्र खालची दाबलेली माती सर्वत्र आधार देते. त्यामुळे एकूण किती वजन येणार यापेक्षा ते कुठे आणि केवढ्या जागेवर टेकणार, हे डिझाइनमध्ये अधिक महत्त्वाचे असते. पसरलेल्या पोत्यांच्या थप्पीने स्लॅबला सहसा फारसे काही होत नाही. उंच रॅकचा एक पाय मात्र हातभर रुंदीही नसलेल्या पत्र्याच्या बैठकीतून कित्येक टन खाली सोडतो. पाठीला पाठ लावलेल्या दोन रॅकचे पाय इतके जवळ येतात की त्यांचा भार एकत्रच धरावा लागतो.

मातीचा प्रतिसाद स्प्रिंगसारखा मानण्याची कल्पना अभियंता विंकलरची (1867). तिच्या आधारे अभियंता वेस्टरगार्डने 1926 मध्ये स्लॅबच्या मध्यभागी, कडेला आणि कोपऱ्यात येणाऱ्या ताणांची सूत्रे मांडली. तोच भार मोकळ्या कडेवर आला, तर ताण मध्यभागापेक्षा सुमारे दीडपट होतो. मातीचा ताठपणा दुप्पट केला तरी ताण जेमतेम आठ-दहा टक्क्यांनी घटतो. जाडी 150 मिमीवरून 200 मिमी केली की सुमारे एक-तृतीयांशाने उतरतो. म्हणून भराव नीट दाबायचा नाही असे नव्हे. कुठे मऊ, कुठे कडक अशी जमीन असेल तर स्लॅब असमान खचतो, आणि ते जाडीने भरून निघत नाही.

प्रत्यक्षात बिघाड बहुधा सांध्यांपाशी सुरू होतो. वाळताना वरचा भाग अधिक आकसतो, कडा वर उचलल्या जातात, खाली पोकळी राहते आणि फोर्कलिफ्टची टणक, लहान चाके त्याच कडेवर आदळतात. यासाठी सांध्यात गुळगुळीत डॉवेल (पोलादी दांडे) बसवतात: भार पलीकडे जातो, पण आकसायला मोकळीक राहते. कापीव सांधा (तडा ठरलेल्या रेषेतच जावा म्हणून पाडलेली खाच) जाडीच्या चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाइतका खोल घेतात, तोही काँक्रीट आपणहून तडकण्याआधी. हलकी पोलादी जाळी स्लॅबची ताकद वाढवते हा गैरसमज चांगलाच रुजलेला आहे. ती फक्त तडे आवळून धरते, आणि त्यासाठी वरच्या तिसऱ्या भागात राहायला हवी. ओतताना पायाखाली तुडवली जाऊन तळाशी बसली, तर तिचा उपयोग जवळपास शून्य.