शहर मुख्य माहिती अधिकारी (अमेरिका)

अमेरिकेतील शहर प्रशासनात संगणक यंत्रणा, दूरसंचार जाळे, नागरी तक्रारींची प्रणाली आणि सायबर सुरक्षा ज्याच्या हाती असते तो वरिष्ठ अधिकारी. या पदाचे महत्त्व नागरी सेवांबरोबर वाढले. ९११ या आपत्कालीन क्रमांकावरचा ताण हलका करण्यासाठी बाल्टिमोरने १९९६ मध्ये ३११ हा बिगर-आपत्कालीन क्रमांक सुरू केला. न्यूयॉर्कने २००३ मध्ये याच क्रमांकावर शहराच्या साऱ्या सेवा आणल्या. खड्डे, कचरा, रस्त्यावरचे दिवे यांच्या तक्रारी एकाच ठिकाणी येऊ लागल्या, तशी ती यंत्रणा चालवणाऱ्याला प्रत्येक विभागाच्या कारभारात लक्ष घालावे लागले.

या पदापर्यंत नेणारी ठरलेली बढतीची वाट नाही. बॉस्टनमध्ये हे स्पष्ट दिसते. तेथे २००६ मध्ये या पदावर आलेले बिल ओट्स आधी स्टारवुड या हॉटेल कंपनीत होते. त्यांच्या काळात, २००९ मध्ये, मोबाइलवरून तक्रार नोंदवण्याचे ‘सिटिझन्स कनेक्ट’ अ‍ॅप आले. २०१४ मध्ये ते मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सेवेत गेले. त्यांच्यानंतरचे जाशा फ्रँकलिन-हॉज हे ओबामांच्या २००८ च्या प्रचाराची ऑनलाइन बाजू सांभाळणाऱ्या ब्लू स्टेट डिजिटलचे सहसंस्थापक. २०१८ मध्ये ते पदावरून गेले आणि २०२१ च्या अखेरीस त्याच शहराच्या रस्ते विभागाचे प्रमुख म्हणून त्यांची नेमणूक झाली. २०२२ मध्ये या पदावर आलेले सान्तियागो गार्सेस मात्र साउथ बेंड आणि पिट्सबर्ग या तुलनेने लहान शहरांतून अनुभव घेऊन आले.

पोलीस दलातूनही वाट निघते. शिकागोचे ब्रेट गोल्डस्टीन ओपनटेबल ही उपाहारगृहांतील टेबलांचे ऑनलाइन आरक्षण करणारी कंपनी सोडून २००६ मध्ये पोलिसांत भरती झाले, गस्तीवर राहिले, पुढे गुन्ह्यांच्या आकडेवारीचे विश्लेषण करू लागले. २०११ मध्ये ते शहराचे पहिले मुख्य डेटा अधिकारी झाले आणि पुढच्या वर्षी मुख्य माहिती अधिकारीही. न्यूयॉर्कच्या जेसिका टिश पोलीस दलाच्या तंत्रज्ञान शाखेतून २०१९ च्या अखेरीस शहराच्या माहिती तंत्रज्ञान खात्याच्या आयुक्त झाल्या. २०२२ मध्ये स्वच्छता आयुक्त आणि २०२४ मध्ये पोलीस आयुक्त. टिश आणि फ्रँकलिन-हॉज यांची पुढची पदे फार बोलकी आहेत. कचऱ्याची गाडी आणि रस्त्याची दुरुस्ती ज्याला आतून कळते, त्याच्याच हातून टिकाऊ प्रणाली उभी राहते. केवळ संगणकज्ञान तेथे अपुरे पडते.

पदाची सर्वांत मोठी अडचण मुदतीची. मोठ्या शहरांत नेमणूक बहुधा महापौर करतो आणि महापौर बदलला की अधिकारीही बदलतो. करवसुलीची जुनी प्रणाली बदलायला मात्र अनेक वर्षे लागतात, त्यामुळे एकाने मांडलेले काम दुसऱ्याला निस्तरावे लागते. सॅन होजे, फिनिक्स अशा शहरांत रोजचा कारभार शहर परिषदेने नेमलेला नगर व्यवस्थापक पाहतो. तेथे तंत्रज्ञान प्रमुखाचे पद निवडणुकीच्या निकालाशी तितके थेट बांधलेले नसते.

जोखीम सायबर हल्ल्यांच्या वेळी उघडी पडते. मार्च २०१८ मध्ये अटलांटात खंडणीखोरांनी यंत्रणा कुलूपबंद केली, तेव्हा न्यायालयाचे कामकाज आणि पाणीबिलांचा भरणा अडला. बाल्टिमोरवर मे २०१९ मध्ये असाच हल्ला झाला. शहराने १३ बिटकॉइनची खंडणी नाकारली, घरांच्या खरेदी-विक्रीचे व्यवहार खोळंबले आणि नुकसानीचा अंदाज १ कोटी ८० लाख डॉलरवर गेला. त्याच वर्षी तेथील माहिती अधिकाऱ्याला पद सोडावे लागले. सुरक्षेसाठी वेळेवर पैसा मंजूर करणे एकट्या या अधिकाऱ्याच्या हाती नसते, हे त्याचा हिशेब मांडताना विसरू नये.

महाराष्ट्रातील महापालिकांत कार्यकारी अधिकार आयुक्ताकडे असतात आणि संगणक विभागाचा प्रमुख त्याच्या हाताखाली काम करतो. स्मार्ट सिटी अभियानातील डेटास्मार्ट सिटीज धोरणाने मात्र प्रत्येक शहरासाठी स्वतंत्र डेटा अधिकारी नेमण्याची कल्पना पुढे आणली.