लहान टॉर्क पान्याची खरेदी आणि पारख

सायकलचा कार्बन फायबरचा हँडलबार स्टेममध्ये (हँडलबारला सायकलशी जोडणाऱ्या भागात) धरून ठेवणारे एम५, म्हणजे ५ मिलिमीटर जाडीचे, बोल्ट बहुधा ५ न्यूटन-मीटरच्या (टॉर्कचे, म्हणजे पिळण्याच्या जोराचे, एकक) आसपास आवळायचे असतात आणि नेमका आकडा पुष्कळदा स्टेमवरच छापलेला असतो. बोल्ट सैल राहिला तर हँडलबार फिरतो. जास्त आवळला तर स्टेममधले आटे जातात किंवा कार्बनच्या नळीला सहज न दिसणारी भेग पडते. मोटारीच्या चाकाचे नट टॉर्क मोजून आवळण्याचा पाना या कामाला चालत नाही, कारण त्याची मोजपट्टी सुरूच होते तिथे या बोल्टची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असते. त्यामुळे पाव इंची चौकोनी टोकाचा लहान टॉर्क पाना घ्यावा लागतो, आणि तो घेताना व तपासताना मोठ्या पान्याच्या बाबतीत क्षुल्लक ठरणाऱ्या गोष्टी महत्त्वाच्या होऊन बसतात.

बाजारात सर्वाधिक मिळतो तो ‘कट्’ आवाज करणारा प्रकार. मूठ फिरवली की आतली स्प्रिंग दाबली जाते आणि ठरवलेला टॉर्क येताच दांडा डोक्याजवळच्या पिनेभोवती किंचित वळून आवाज करतो. अशा पान्यांसाठीच्या आयएसओ ६७८९ या मानकानुसार, कमाल क्षमता १० न्यूटन-मीटरपेक्षा जास्त असल्यास ४ टक्के आणि १० किंवा त्याहून कमी असल्यास ६ टक्के इतकी कमी-अधिक चूक क्षम्य आहे. मात्र ही हमी कमाल क्षमतेच्या २० टक्क्यांपासून पुढेच लागू होते. म्हणजे ५ ते २५ न्यूटन-मीटरचा पाना ५ वर वापरणे म्हणजे त्याच्या पट्ट्याच्या अगदी काठावर काम करणे होय. शिवाय तिथे आवाज इतका क्षीण असतो की तो ऐकू न आल्याने माणूस ओढतच राहतो. मुख्य काम ४ ते ६ न्यूटन-मीटरचे असेल, तर २ ते १० असा पट्टा असलेला पाना घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तबकडीच्या किंवा काट्याच्या पान्यावर अचूकता ‘पूर्ण क्षमतेच्या टक्क्यांत’ दिली आहे का, हेही पाहावे. २५ न्यूटन-मीटरचे ४ टक्के म्हणजे १ न्यूटन-मीटर, आणि ५ वर काम करताना तीच चूक २० टक्के भरते. काही पान्यांवर टॉर्कची एकके इंच-पौंड किंवा फूट-पौंड असतात; या दोन्हींत १२ पटींचा फरक आहे, हे तर आवळण्याआधीच लक्षात आलेले बरे.

घरी पडताळणी करायची तर पान्याचे चौकोनी टोक व्हाइसमध्ये पकडून, दांडा आडवा धरून मुठीला वजन टांगण्याची पद्धत सर्वांना सुचते. इथेच लहान पाना फसवतो. समजा, पान्याचे स्वतःचे वजन ६०० ग्रॅम आहे आणि त्याचा गुरुत्वमध्य टोकापासून १२ सेंटीमीटरवर आहे. मग काहीही टांगण्याआधीच त्यावर सुमारे ०.७ न्यूटन-मीटर टॉर्क आलेला असतो. ५ न्यूटन-मीटरच्या तपासणीत हा १४ टक्क्यांचा घोटाळा झाला, म्हणजे मानकाने दिलेल्या सवलतीच्या दुपटीहून जास्त.

यावर उपाय सोपा आहे. व्हाइसमध्ये टोक असे पकडावे की दांडा सरळ खाली लोंबेल. आता त्याचे वजन आसाच्या बरोबर खाली असल्याने त्याचा टॉर्क शून्य होतो. मग बॅगा तोलायचा डिजिटल काटा मुठीच्या मध्याला अडकवून दांड्याशी काटकोनात आडवा, सावकाश ओढावा. हे अंतर २० सेंटीमीटर असेल, तर ५ न्यूटन-मीटरसाठी २५ न्यूटन बल, म्हणजे काट्यावर सुमारे २.५५ किलो दिसायला हवेत. २.४० ते २.७० च्या दरम्यान ‘कट्’ झाले तर पाना ६ टक्क्यांच्या आत आहे. काट्यावर आधी किराणा दुकानातले शिक्क्याचे वजन टांगून तोही पारखून घ्यावा.

ओढ मुठीच्या मध्यावरच का, यालाही कारण आहे. स्प्रिंगला कळतो तो पिनेभोवतीचा टॉर्क, बोल्टवरचा नव्हे. पिन टोकापासून ३ सेंटीमीटरवर असेल आणि हात २० ऐवजी १५ सेंटीमीटरवर धरला, तर त्याच ‘कट्’ला बोल्टवर सुमारे ६ टक्के जास्त टॉर्क पडतो. आखूड दांड्यात हा परिणाम मोठा असतो, म्हणूनच काही पान्यांच्या मुठीवर पकडण्याची जागा रेघेने दाखवलेली असते.

मोजण्याआधी पाना चार-पाच वेळा कमाल आकड्यावर ‘कट्’ करून घ्यावा, म्हणजे आतले वंगण पसरते. नंतर किमान, मधल्या आणि कमाल आकड्यावर प्रत्येकी काही मोजण्या घ्याव्यात. सगळ्या मोजण्या एकाच बाजूला सारख्याच सरकलेल्या असतील तर फारसे बिघडत नाही; तेवढा फरक चिठ्ठीवर लिहून पान्याच्या डबीत ठेवावा आणि आकडा त्यानुसार लावावा. मात्र मोजण्या एकमेकींशीच जुळत नसतील, तर असा पाना कार्बनच्या जवळ नेऊ नये. व्यवसायासाठी वापरायचा पाना ५००० वेळा आवळून झाल्यावर किंवा १२ महिन्यांनी, यांपैकी जे आधी येईल तेव्हा, एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी भारतातील संस्था) मान्य प्रयोगशाळेत कॅलिब्रेशनला, म्हणजे अचूकता तपासायला, द्यावा.