पिक्सेल फॉन्टची पुनर्निर्मिती (झेडएक्स स्पेक्ट्रम)

जुन्या घरगुती संगणकांवरच्या खेळांत दिसणारी चौकोनी ठिपक्यांची अक्षरे मूळ स्मृतीतून काढून आजच्या संगणकावर टाइप करता येतील अशा फॉन्टमध्ये बसवणे, म्हणजे पिक्सेल फॉन्टची पुनर्निर्मिती. ब्रिटनच्या सिंक्लेअर रिसर्चने १९८२ साली आणलेला झेडएक्स स्पेक्ट्रम या कामाला हात घालायला सर्वांत सोयीचा. भारतात त्याची परवान्याखालील आवृत्ती ‘डीबी स्पेक्ट्रम’ या नावाने १९८६ मध्ये आली.

स्पेक्ट्रमचा पडदा २५६ × १९२ पिक्सेलचा, म्हणजे ३२ रकाने आणि २४ ओळींचा. प्रत्येक अक्षर ८ × ८ च्या घरात बसते आणि घरातली प्रत्येक आडवी ओळ एक बाइट (आठ बिट, दर पिक्सेलला एक) घेते. यंत्राचा स्वतःचा अक्षरसंच रॉममध्ये (न बदलणाऱ्या स्मृतीत) १५६१६ या पत्त्यापासून (स्मृतीतल्या जागेच्या क्रमांकापासून) असतो : ९६ अक्षरे, ७६८ बाइट. त्यातला कॅपिटल ‘ए’ असा आहे : ०, ६०, ६६, ६६, १२६, ६६, ६६, ०. डावीकडचा पहिला पिक्सेल १२८ चा, शेवटचा १ चा. त्यामुळे ६६ म्हणजे दुसरा आणि सातवा पिक्सेल (६४ + २), ६० म्हणजे तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे चार आणि १२६ म्हणजे मधली आडवी रेघ. हे आठ आकडे हाती आले की अक्षर हाती आले. पडद्याचा फोटो काढून त्यावर गिरवत बसणारे लोक आहेत, पण जुन्या टीव्हीवर रंग ओघळतात आणि कडा फुगतात. बाइट मिळत असताना फोटोवर विसंबण्याचे कारण नाही.

बाइट शोधण्यासाठी एम्युलेटरमध्ये (आजच्या संगणकावर जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) खेळ सुरू करून, अक्षरे पडद्यावर असतानाच ‘एसएनए’ प्रकारची, म्हणजे त्या क्षणीच्या स्मृतीची, नोंद जतन करावी. ४८ के (किलोबाइट) स्मृतीच्या यंत्राची ही फाइल ४९,१७९ बाइटची असते : २७ बाइटचे शीर्ष आणि पुढे १६३८४ पासूनची संपूर्ण रॅम (बदलती स्मृती) जशीच्या तशी. ‘झेड८०’ प्रकारच्या फाइलमध्ये रॅम बहुधा दाबून ठेवलेली असते, म्हणून ती आधी एसएनएमध्ये बदलून घ्यावी. अक्षरसंचाचा पत्ता २३६०६ आणि २३६०७ या दोन बाइटांत असतो. फाइलमध्ये ते ७२४९ आणि ७२५० व्या स्थानी सापडतात (मोजणी शून्यापासून). दुसऱ्या बाइटला २५६ ने गुणून पहिला मिळवायचा आणि त्यात आणखी २५६ मिळवायचे, कारण पत्ता मुद्दाम २५६ ने कमी करून ठेवलेला असतो. उत्तर १५६१६ आले तर खेळाने तिथे काहीच बदललेले नाही.

याचा अर्थ खेळाला स्वतःचा फॉन्ट नाही असा मात्र नव्हे. अनेक खेळ पडद्यावर अक्षरे उमटवायला रॉमची छपाई वापरतच नाहीत, स्वतःची वापरतात. उलट १९८३ च्या ‘मॅनिक मायनर’ची छपाई स्वतःची, पण अक्षरे थेट रॉममधून उचललेली, एसएनए फाइल कितीही चाळली तरी ती सापडणार नाहीत, कारण त्या फाइलमध्ये रॉम नसतोच.

पत्ता उपयोगी पडला नाही तर पडद्यावरच्या एका अक्षराचे आठ बाइट घेऊन रॅममध्ये ती साखळी शोधावी. इथे नवखे हमखास चुकतात : स्पेक्ट्रमच्या पडदास्मृतीत एकाच घरातल्या लागोपाठच्या ओळी शेजारी नसतात, २५६ बाइटच्या अंतरावर असतात. पहिल्या घराचे बाइट म्हणून १६३८४, १६६४०, १६८९६ अशा क्रमाने मिळतात. तरीही साखळी सापडली नाही तर अक्षर छापताना जाड केले जात असावे. बाइट आणि एक पिक्सेल उजवीकडे सरकवलेला तोच बाइट एकत्र केला (बेरीज नव्हे, दोन्हींपैकी एकात जरी पिक्सेल असला तरी तो ठेवायचा) की ६६ चा ९९ होतो, ६० चा ६२ आणि १२६ चा १२७. पडद्यावर ९९ दिसत असेल तर ६६ शोधून पाहावा. काही खेळ वरची रिकामी ओळ साठवतच नाहीत, तर काही लहान लिपी गाळून ६४ अक्षरे ५१२ बाइटांत भागवतात.

संच मिळाला की फॉन्टफोर्जसारख्या फॉन्ट-संपादकात १०२४ एककांचा चौकोन घेऊन प्रत्येक पिक्सेल १२८ एककांचा करावा. आधाररेषा (अक्षरे जिच्यावर उभी राहतात ती रेषा) सातव्या ओळीखाली येते : वरची उंची ८९६, खालची १२८, ओळींमधले जादा अंतर शून्य. फाइलमध्ये उंचीचे तीन वेगळे संच असतात. ते जुळले नाहीत तर विंडोज आणि मॅकवर ओळी वेगवेगळ्या अंतरावर पडतात. प्रत्येक अक्षराची रुंदी १०२४ ठेवावी आणि कर्निंग (अक्षरांच्या जोड्यांमधले अंतर कमी-जास्त करणे) करू नये.

शेजारचे चौकोन सुटे ठेवले तर त्यांच्या सांध्यावर केसाएवढी फिकट रेघ दिसते. म्हणून ते जोडून एकच बाह्यरेषा करावी. तिरप्या रेघेत फक्त कोपऱ्याला टेकणारे चौकोन मात्र वेगळेच ठेवावेत, नाहीतर स्वतःलाच टेकणारी बाह्यरेषा तयार होते आणि संपादक तक्रार करतो. स्वयंचलित हिंटिंग (लहान आकारात अक्षरांच्या कडा आपोआप पिक्सेलांवर बसवणे) बंद ठेवावे.

अक्षरांचे बहुतेक संकेतांक आजच्यासारखेच आहेत. अपवाद तीन : ९४ वर वर जाणारा बाण, ९६ वर पौंड, १२७ वर कॉपीराइटचे चिन्ह. ही चिन्हे युनिकोडमधल्या (आजच्या सर्व लिप्यांच्या सामाईक संकेतांकांमधल्या) त्यांच्या खऱ्या जागी न्यावीत, नाहीतर पौंडाची खूण उलट्या अवतरणाच्या कळीवर उमटते. रुपयाचे चिन्ह २०१० चे, तेव्हा मूळ संचात ते असणे शक्यच नाही. हवे असेल तर वाढीव आवृत्तीत द्यावे आणि फाइलच्या नावात तसे लिहावे.

हीच पद्धत कॉमोडोर ६४ या त्याच काळातल्या घरगुती संगणकाला जशीच्या तशी लावता येत नाही. तिथे अक्षरांचा क्रम वेगळा असतो, आणि बहुरंगी पद्धतीत दोन बिट मिळून एक दुप्पट रुंद पिक्सेल होतो, म्हणजे घरात आडवे चारच.

तयार फॉन्ट ८, १६, २४ अशा आठाच्या पटीतल्या पिक्सेल आकारातच धारदार दिसतो. १२ वर तो पुसटणारच, आणि तो दोष फॉन्टचा नाही. तपासणीसाठी एम्युलेटरमधला मजकूर त्याच आकारात नव्या फॉन्टने लिहावा, कडा मऊ करणे बंद ठेवावे आणि दोन्ही चित्रे एकरंगी करून एकमेकांतून वजा करावीत. सगळे अक्षर एका ओळीने वर-खाली उरले तर आधाररेषा चुकली आहे. एखाददुसरा पिक्सेल उरला तर त्या अक्षराचे बाइट पुन्हा वाचावेत.