'व्हॉट अ डे'पूर्वीची तीन वर्षे

फिल केगी या अमेरिकी गिटारवादकाचा 'व्हॉट अ डे' हा पहिला एकल अल्बम १९७३ साली निघाला, तेव्हा तो २२ वर्षांचा होता आणि 'ग्लास हार्प' या बँडचा लीड गिटारवादक म्हणून रॉकच्या वर्तुळात त्याचे नाव झालेले होते. अशा वादकाने बँड सोडून स्वतःची तबकडी काढली, तर ती गिटारच्या करामतींनी भरलेली असणार, असा अंदाज कोणीही बांधला असता. प्रत्यक्षात या अल्बमवर सौम्य चालींची, बरीचशी अकूस्टिक वळणाची ख्रिस्ती गीते आहेत आणि ज्या लांबलचक सोलो वादनासाठी लोक त्याला ऐकायला येत, ते इथे फारसे सापडत नाही. या संयमाचे कारण स्टुडिओत शोधून हाती फार काही लागत नाही. ते १९७० ते १९७३ या काळात त्याच्या आयुष्यात जे घडले त्यात आहे.

केगीचा जन्म २३ मार्च १९५१ रोजी ओहायो राज्यातील यंगस्टाउन येथे, दहा भावंडांच्या कॅथलिक कुटुंबात झाला. चार वर्षांचा असताना पाण्याच्या पंपाशी झालेल्या अपघातात त्याच्या उजव्या हाताचे मधले बोट अर्धे तुटले. उजव्याच हाताने तारा छेडणाऱ्या या वादकाची बोटांनी वाजवण्याची हातोटी पुढे वाखाणली गेली, म्हणून त्याच्यावरील जवळजवळ प्रत्येक लेखात या बोटाचा उल्लेख येतो. दहाव्या वाढदिवसाला त्याने वडिलांकडे ड्रम मागितले होते. वडिलांनी घरी आणली ती सिअर्सच्या दुकानातली 'सिल्व्हरटोन' गिटार.

ड्रमवादक जॉन स्फेरा याच्यासह त्याने १९६८ मध्ये 'ग्लास हार्प' उभा केला आणि पुढे बासगिटारवर डॅनियल पेक्किओ आल्यावर या त्रिकुटाला स्थिर रूप आले. डेका या मोठ्या रेकॉर्ड कंपनीने त्यांना करारबद्ध केले. निर्माता म्हणून लुईस मेरेन्स्टाइन लाभला आणि पहिल्या अल्बमचे काम न्यूयॉर्कमध्ये, जिमी हेंड्रिक्सने उभारलेल्या 'इलेक्ट्रिक लेडी' स्टुडिओत १९७० च्या उत्तरार्धात झाले. इथे एका दंतकथेचा समाचार घेणे भाग आहे. 'जगातला सर्वोत्तम गिटारवादक असणे कसे वाटते,' असे दूरचित्रवाणीवर विचारल्यावर हेंड्रिक्सने 'ते फिल केगीला विचारा' असे उत्तर दिले, ही गोष्ट आजही हिरिरीने सांगितली जाते. हेंड्रिक्सचा मृत्यू १८ सप्टेंबर १९७० रोजी झाला आणि 'ग्लास हार्प'ची पहिली तबकडी त्यानंतर बाजारात आली. ओहायोतल्या या पोराचे नाव त्याच्या कानी गेले असण्याची शक्यताच क्षीण आहे. खुद्द केगीनेही ही कथा खरी नसल्याचे वेळोवेळी सांगितले आहे, तरी ती मरत नाही.

याच वर्षाच्या सुरुवातीला, फेब्रुवारी १९७० मध्ये, त्याच्या आईला मोटार अपघातात जबर दुखापत झाली आणि त्यातून ती उठली नाही. त्या दिवसांत केगी एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थाच्या आहारी गेला होता आणि अपघाताच्या सुमारासच त्या नशेचा एक भयंकर अनुभव त्याने घेतला होता. अंत्यविधीसाठी घरी आलेल्या बहिणीने त्याला आपल्या श्रद्धेविषयी सांगितले, ती त्याला असेंब्लीज ऑफ गॉड पंथाच्या चर्चमध्ये घेऊन गेली आणि तिथे त्याने येशूचा तारणारा म्हणून स्वीकार केला. हा क्रम ध्यानात घेतला नाही तर पुढचे सारे उलटे दिसते. केगी आधी रॉकस्टार झाला आणि मग थकूनभागून धर्माकडे वळला, असा समज असतो. वस्तुतः 'ग्लास हार्प'चे त्या काळातले तिन्ही स्टुडिओ अल्बम, म्हणजे १९७० चा पहिला, १९७१ चा 'सिनर्जी' आणि १९७२ चा 'इट मेक्स मी ग्लॅड', या घटनेनंतरचे आहेत. नवी श्रद्धा उरात घेऊनच तो यस, ट्रॅफिक, शिकागो यांसारख्या बँडच्या आधी मंचावर उभा राहत होता.

ओढाताण इथेच सुरू झाली. बँडच्या गाण्यांतून त्याची श्रद्धा डोकावू लागली होती, पण श्रोते मुख्यतः वादनासाठी येत होते. २१ नोव्हेंबर १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये 'द किंक्स'च्या कार्यक्रमाआधी 'ग्लास हार्प'ने जे वादन केले, त्यात एकच गाणे जवळपास अर्धा तास चालले. ते ऐकताना आपण तिघा तरुणांची ऐन बहरातली जुगलबंदी ऐकत आहोत हे कळते. त्याचबरोबर, ज्याला शब्दांतून आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची आहे त्याला या रचनेत शब्दांसाठी किती कमी जागा उरत होती, हेही कळते. १९७२ मध्ये त्याने बँड सोडला.

सोडून जायचे कुठे, हा प्रश्न त्या वेळी आजच्याइतका सोपा नव्हता. ख्रिस्ती रॉक गायक लॅरी नॉर्मनचा 'अपॉन धिस रॉक' हा अल्बम कॅपिटॉल या रेकॉर्ड कंपनीने १९६९ मध्ये काढला होता. कॅलिफोर्नियातील कोस्टा मेसाच्या कॅल्व्हरी चॅपेल या चर्चमधून 'लव्ह साँग'सारखे बँड पुढे येत होते. आणि वर्ड या टेक्सासमधील धार्मिक संगीत कंपनीने तरुणांच्या संगीतासाठी १९७२ मध्ये 'मिर' हे लेबल सुरू केले होते. याउपर ख्रिस्ती रॉकचा म्हणावा असा धंदा नव्हता. अनेक पाळकांना ड्रम आणि इलेक्ट्रिक गिटार चर्चच्या आसपासही नको होती, रेकॉर्डच्या दुकानांना येशूवरची गाणी नको होती, आणि अशा तबकड्या प्रामुख्याने ख्रिस्ती पुस्तकांच्या दुकानांत, बायबलच्या प्रतींशेजारी विकल्या जात. डेकाचा करार असलेल्या वादकाने या वाटेला लागणे हा व्यवहाराच्या दृष्टीने शुद्ध घाट्याचा सौदा होता.

त्याला आधार मिळाला तो न्यूयॉर्क राज्याच्या ग्रामीण भागात, इथाकाजवळच्या फ्रीव्हिल गावी असलेल्या 'लव्ह इन' या ख्रिस्ती समुदायाकडून. त्याचा प्रमुख स्कॉट रॉस हा पूर्वी न्यूयॉर्क शहरात रेडिओवर निवेदक होता, आणि त्याची पत्नी नेड्रा टॅली ही 'बी माय बेबी' गाणाऱ्या 'रॉनेट्स'मधली गायिका. लोकप्रिय संगीताचे जग आतून पाहिलेल्या या दांपत्याला रॉक वाजवणारा श्रद्धाळू तरुण हे कोडे वाटले नाही. समुदायाच्या 'न्यू साँग' या छोट्या लेबलवर 'व्हॉट अ डे' निघाला.

अल्बममध्ये जवळपास सर्व वाद्ये केगीने स्वतःच वाजवली आहेत. 'बीटल्स'मधल्या पॉल मॅकार्टनीने १९७० मध्ये आपल्या पहिल्या एकल अल्बममध्ये हेच केले होते, आणि केगीच्या आवाजाची मॅकार्टनीशी इतकी तुलना होते की हे साम्य नजरेआड करता येत नाही. मल्टिट्रॅक टेपमुळे हे शक्य होते: एक वाद्य ध्वनिमुद्रित करायचे, ते हेडफोनवर ऐकत दुसरे वाजवायचे, मग तिसरे, मग आवाज, आणि शेवटी सगळ्यांचे मिक्सिंग. ही पद्धत वादकाला पूर्ण मोकळीक देते, पण त्याच्याकडून एक गोष्ट हिरावूनही घेते. समोरच्या ड्रमवादकाने ऐनवेळी टाकलेल्या ठेक्याला तिथल्या तिथे उत्तर देणे, हे जे 'ग्लास हार्प'चे मर्म होते, ते स्वतःच्याच आधी वाजवलेल्या ट्रॅकसोबत साधत नाही. या अल्बमवर गिटार गाण्याच्या चौकटीत राहते त्यामागे श्रद्धा जशी आहे, तसे हे साधे तांत्रिक कारणही असावे, असे मला वाटते.

गाण्यांची शीर्षकेच त्यांचा रोख सांगतात: 'रिजॉइस', 'नाउ आय कॅन सी', 'बिहोल्ड ऑल थिंग्ज बिकम न्यू'. यांतले शेवटचे शीर्षक पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातील, ख्रिस्तामध्ये माणूस नवी उत्पत्ती होतो, या वचनाची आठवण करून देते. शब्द साधे आहेत, कधीकधी भाबडे वाटावेत इतके. मात्र बँडमध्ये असताना जे आडवळणाने म्हणावे लागत होते, ते इथे पहिल्यांदाच सरळ म्हटले गेले आहे आणि त्यातला सुटकेचा आनंद लपत नाही.

अल्बम निघाला त्याच वर्षी केगीचे लग्न झाले आणि पुढच्या वर्षी हे जोडपे फ्रीव्हिलला समुदायात राहायला गेले. एकल कारकिर्दीला जोराने पुढे रेटण्याऐवजी तो तिथे प्रार्थनेत, समुदायाच्या कामात आणि इतरांच्या गाण्यांना साथ करण्यात रमला. त्याचा दुसरा एकल अल्बम, 'लव्ह ब्रोक थ्रू', त्यामुळे थेट १९७६ मध्ये आला. त्यात इतर वादकांची साथ होती, आणि त्यातल्या 'टाइम' या गाण्यात इलेक्ट्रिक गिटार पुन्हा मोकळी सुटली. कार्नेगी हॉलमधल्या त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण मात्र १९९७ पर्यंत अल्बमच्या रूपात बाहेर आले नव्हते, त्यामुळे 'व्हॉट अ डे' काढण्यासाठी या वादकाने काय बाजूला ठेवले होते, हे जवळपास पाव शतक बहुतेकांना ऐकायला मिळालेच नाही.